सरकलेली वेलांटी

बाबा मराठी टायपिस्ट होते. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली. ऐंशीच्या दशकात मी शाळेत होते, आणि सुट्टी असली की कधीतरी ते मला बरोबर न्यायचे. साहेब खुर्चीत मागे रेलून मजकूर सांगायचे, आणि त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच बाबांचे हात मांडीवर परत आलेले असायचे. टाइप करताना ते मशीनकडे बघत नसत. खिडकीतून बाहेर बघत. चार कार्बन घालून टाइप करताना एक चूक झाली तर पाच कागदांवर खोडावं लागतं, असं त्यांनी मला तेव्हा सांगितलेलं. खोडायचं पांढरं फ्लुइड इतरांच्या टेबलावर असायचं, बाबांच्या नसायचं. त्यांना कसलाही गर्व नव्हता, फक्त एवढा एक होता.

निवृत्त झाल्यावर ते घरी बसले नाहीत. कल्याणला कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टायपिस्टांची रांग असायची, तिथे त्यांनी स्वतःचं जुनं मशीन नेऊन ठेवलं. खडवली, टिटवाळा, मोहने, कुठून कुठून माणसं अर्ज, प्रतिज्ञापत्रं करायला यायची. जमिनीचे वाद, वारसाच्या नोंदी, नावातल्या दुरुस्त्या. आमच्या डोंबिवलीच्या घरातून बाबा सकाळी साडेनऊला निघायचे आणि संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना रिबनची शाई असायची. आई म्हणायची, ऑफिसात होते तेव्हा एवढे खूश नव्हते.

मी तोवर कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत लागलेले. आम्ही दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. ते काम मला कधी आवडलं नाही. पण नव्वदीच्या शेवटी शेवटी ऑफिसातल्या एकाने मला एक सीडी दिली, मासिकाबरोबर फुकट आलेली. तिच्यात लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालणारं, कोणालाही फुकट वापरता येणारं. कंपनीने टाकायला काढलेला एक कॉम्प्युटर मी रिक्षात घालून घरी आणला, आठवडाभर झटून त्याच्यावर ते चढवलं, आणि चालू झाल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो हा, की याच्यावर मराठी कसं लिहायचं?

उत्तर असं होतं, की लिहिता येत नव्हतं. फारच थोडी माणसं त्याच्या मागे होती. इंटरनेटवर शोधताना मला एका प्राध्यापकांचा पत्ता लागला. ते दूरच्या एका गावात असायचे, आमची भेट कधीच झाली नाही. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलेला. इंग्रजी कीबोर्डवर मराठी टाइपरायटरच्या पद्धतीने बोटं चालवायची आणि पडद्यावर देवनागरी उमटायची. प्रोग्रॅम अर्धवट होता आणि त्यात चुका भरपूर होत्या. ज्याला जमेल त्याने दुरुस्त करून पाठवावं, असं त्यांनी खाली लिहून ठेवलेलं. मी त्यांना ऑफिसातून ई-मेल केली की मला करायचंय. पगार नाही, नाव नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा मला कामावरून घरी जायची घाई व्हायला लागली, कारण घरी खरं काम होतं.

यात एक अडचण होती. मला मराठी टायपिंग येत नव्हतं. मी एका बोटाने एकेक की शोधायचे. आणि घरात बाबा होते.

मी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यांना आधी ते पटलं नाही. कीबोर्ड त्यांना फार मऊ वाटला. हात ठेवला की अक्षर पडतं, याला काय अर्थ आहे, म्हणाले. पण दोन-तीन रविवारांत त्यांचा हात बसला. मग ते कोर्टातून आल्यावर चहा घेऊन सरळ कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. प्रोग्रॅम कुठे फसतो ते शोधायचा त्यांना नाद लागला. कुठल्या जोडाक्षराला गोंधळ होईल ते त्यांना आधीच माहीत असायचं. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मला शब्द लिहून दिले: निर्विवाद, परिस्थिती, स्थितिस्थापक, उद्विग्न, मिळकत, विनंती. म्हणाले, हे सगळे बरोबर आले तर प्रोग्रॅम पास.

त्या कागदावरून मी चाचण्या लिहिल्या. चाचणी म्हणजे दुसरं काही नाही, एक यादी. अमुक की या क्रमाने दाबल्या तर अमुक शब्द यायला हवा, असं लिहून ठेवायचं. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की सगळी यादी एकदा आपोआप चालवायची. काही मोडलं असेल तर लगेच कळतं. शिवाय बाबा टाइप करताना कुठली की कधी दाबली आणि कधी सोडली ते सगळं एका फाइलमध्ये आपोआप लिहून ठेवायची सोय मी केलेली. पुढेमागे लागलं तर असावं म्हणून. त्या फाइली मी उघडून बघत नसे.

तो पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी हा आमच्या घरातला सगळ्यात चांगला काळ होता असं मला आज वाटतं. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या बाजूने संध्याकाळी तो ठरलेला वास यायचा, आई उठून खिडक्या लावायची, आणि आम्ही दोघं पडद्यासमोर रफारावरून वाद घालत असायचो. मी दुरुस्ती करायचे, बाबा तपासायचे, मी फ्लॉपी घेऊन ऑफिसात जायचे आणि तिथून प्राध्यापकांना पाठवायचे. एकदा त्यांनी उत्तरात लिहिलं, तुमच्याकडे कोणी तरी फार तयारीचा टायपिस्ट आहे असं दिसतं. मी ते छापून आणून बाबांना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

मग एक साधी चूक निघाली. ती आईमुळे निघाली. आईला एकदा हौस आली म्हणून ती टाइप करायला बसली. पहिली वेलांटी टाइपरायटरवर अक्षराच्या आधी मारायची असते. आधी वेलांटी, मग व, मग ‘वि’ होतो. आई बिचारी वेलांटीची की दाबायची आणि ती दाबून ठेवूनच व शोधत बसायची. तेवढ्यात पडद्यावर ओळीने पाच-सहा वेलांट्या उभ्या राहायच्या. आम्ही तिघं हसलो. की दाबून धरली तर कॉम्प्युटर ती पुन्हा पुन्हा पाठवतो, त्यामुळे ते होत होतं. मी दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केलं. की दाबल्यावर वेलांटी मोजायची नाही, की सोडल्यावर मोजायची. मग कितीही वेळ दाबून धरा, वेलांटी एकच. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. मी नवीन प्रोग्रॅम फ्लॉपीवरून घरच्या कॉम्प्युटरवर घातला आणि प्राध्यापकांनाही पाठवून दिला. आईची गंमत त्यांना लिहून कळवली.

त्यानंतर आठवड्याभरात बाबा म्हणाले, वेलांटी सरकतेय. ‘विनंती’ लिहिलं की कधीकधी ‘वनिंती’ येतं. ‘मिळकत’ लिहिलं की ‘मळिकत’. मी सगळे शब्द एकेक करून टाइप करून बघितले. बरोबर आले. चाचण्या चालवल्या. पास. मी सांगितलं, काही नाही बाबा, बरोबर आहे.

चार दिवसांनी ते परत म्हणाले. नवीन फ्लॉपी घातल्यापासून होतंय, असंही म्हणाले. हे त्यांचं वाक्य मला शब्दशः आठवतं, कारण मी त्यावर म्हटलेलं की नवीन फ्लॉपीत फक्त आईचं काम आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

तिसऱ्यांदा ते म्हणाले तो रविवार होता. प्राध्यापकांना प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती त्याच आठवड्यात बाहेर काढायची होती आणि त्यांनी मला विचारलेलं, काही राहिलंय का? मी काही राहिलं नाही असं कळवून बसलेले. ऑफिसात पण त्या आठवड्यात कटकट झालेली. मी कणीक मळत होते, ती टाकून आले आणि बाबांच्या मागे उभी राहिले.

“दाखवा मला,” मी म्हटलं.

बाबांनी टाइप केलं. मी मागे उभी आहे म्हणून ते जरा जपून, सावकाश करत होते. ‘विनंती’ बरोबर आलं. परत केलं, परत बरोबर. माझा चेहरा त्यांना पडद्याच्या काचेत दिसत असावा. मग ते त्यांच्या नेहमीच्या वेगाने करायला लागले, आणि तिसऱ्या ओळीत ‘वनिंती’ आलं.

“हे बघ,” ते म्हणाले.

“बाबा, तुमचं बोट आधी पडतंय,” मी म्हटलं. “व आधी पडतोय, वेलांटी नंतर. प्रोग्रॅमला जे मिळतं तेच तो दाखवतो.”

“असं कसं होईल?”

“होतं. वय झालं की होतं.”

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून समोर धरले आणि थोडा वेळ बघितले. मग कीबोर्डवर नॅपकीन घातला, तो घालायची त्यांची सवय होती, आणि उठून गॅलरीत गेले. मी कणकेकडे गेले. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

त्या दिवसानंतर बाबा कॉम्प्युटरवर बसले नाहीत. मी दोनदा विचारलं, तर म्हणाले, माझ्यामुळे तुझ्या तपासणीत घोळ होईल. मला वाटलं, रुसलेत, येतील चार दिवसांनी. प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती निघाली, तिच्या कामात मी गुंतून गेले.

कोर्टात काय चाललंय ते आम्हाला उशिरा कळलं. बाबा एकेक अर्ज तीन-तीनदा वाचायला लागलेले. रांगेतले बाकीचे टायपिस्ट दहा अर्ज काढायचे तेवढ्या वेळात बाबा चार काढायचे. मशीनवर काही चूक होत नव्हती. पण आपलं बोट चुकतं आणि आपल्याला ते कळत नाही, असं एकदा माणसाच्या मनात बसलं की तो कागद हातातून सोडायला घाबरतो. बाबा मशीनकडे बघून टाइप करायला लागले. पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते. बघून केल्यावर वेग गेला. वेग गेल्यावर त्यांना वाटलं, म्हणजे खरंच हात गेला.

आईने हट्ट धरला म्हणून मी त्यांना ठाण्याला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर भले होते. त्यांनी बाबांना कागदावर गोल गोल काढायला लावले, बोटं एकमेकांना टेकवायला सांगितली, चालून दाखवायला सांगितलं. तपासून म्हणाले, तसं काही दिसत नाही. थोडा मंदपणा असेल, वयोमानाप्रमाणे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. परत येताना स्टेशनवर बाबा म्हणाले, तू बरोबर सांगितलं होतंस, डॉक्टर पण वयच म्हणाले. ते मला दोष देत नव्हते. आपल्या मुलीला कळतं, असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही ते तसंच वाटलं. मी त्यांना उसाचा रस प्यायला नेलं.

मार्चमध्ये एके दुपारी मोहन्याजवळच्या गावातली एक बाई आमच्या घरी आली. मी त्या दिवशी ताप आल्यामुळे घरी होते. साठीची, नऊवारी नेसलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. तिच्या नवऱ्याच्या पश्चात जमिनीच्या उताऱ्यावर तिचं नाव लागत नव्हतं, आणि तीन वर्षं तिचे सगळे अर्ज बाबांनी टाइप केलेले. ती कल्याणला शेडखाली गेलेली तेव्हा बाबांनी तिला शेजारच्या टायपिस्टकडे पाठवलं होतं. दुसऱ्यांदा गेली तर बाबांची जागाच रिकामी होती. पत्ता विचारत विचारत ती डोंबिवलीला आलेली.

तेव्हा आम्हाला कळलं की बाबा कोर्टात जातच नव्हते. साडेनऊला निघायचे, आणि दिवसभर कुठे असायचे ते त्यांनी नंतरही नीट सांगितलं नाही. खाडीवर बसायचो म्हणाले, गणेशघाटावर.

बाबा नेमके घरात आले तेव्हा ती बाई पाणी पीत होती. बाबा तिच्यासमोर बसले. तिने कागद पुढे केले. बाबांनी ते हातात घेतले नाहीत. म्हणाले, माझ्या हातून हल्ली चुका होतात, तुमचं नाव चुकलं तर परत तीन वर्षं जातील. दुसरीकडे करून घ्या.

“मना तुमचेच हातचा पायजे,” ती म्हणाली.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. ती बराच वेळ बसली. आईने चहा केला, तो घेतला, आणि मग गेली. बाबा तिला जिन्यापर्यंत सोडून आले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपलं मशीन रांगेतल्या एका नवीन माणसाला देऊन टाकलं. तसंच दिलं. त्याच्या मशीनचा रोलर गेला होता, म्हणाले.

मे महिन्यात माझ्या ऑफिसच्या ई-मेलवर नागपूरहून एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. त्या एका साप्ताहिकात टायपिंग करत होत्या आणि प्राध्यापकांनी त्यांना आमचा प्रोग्रॅम दिलेला. प्राध्यापकांनीच त्यांना माझा पत्ता कळवला. पत्र चार ओळींचं होतं. पहिली वेलांटी मधूनमधून पुढच्या अक्षरावर जाते, असं त्यांनी लिहिलेलं. सावकाश टाइप केलं तर होत नाही. वेगात केलं तरच होतं. मशीनवर माझ्याकडून अशी चूक कधी झालेली नाही, तरी कृपया प्रोग्रॅम तपासावा.

दुपारची वेळ होती. ऑफिसात पंखे चालू होते, कोणीतरी डबा उघडत होतं. मला प्रोग्रॅम उघडायच्या आधीच कळलं. तरी मी उघडला. ती ओळ सापडायला पाच मिनिटं लागली नाहीत. आईसाठी मी लिहिलेली ओळ: वेलांटी तिची की दाबल्यावर नाही, सोडल्यावर मोजायची. जो सावकाश टाइप करतो तो एक की दाबतो, सोडतो, मग दुसरी दाबतो. त्याला काही फरक पडत नाही. पण जो वेगात करतो त्याचं दुसरं बोट पहिली की सुटायच्या आधी खाली आलेलं असतं. वेलांटी दाबली, ती सुटायच्या आत व दाबला. माझ्या प्रोग्रॅमला वाटायचं, वेलांटी अजून आलीच नाही. तो व कोरा लिहून टाकायचा. मग वेलांटीची की सुटायची, आणि ती वेलांटी पुढच्या न ला लागायची. वनिंती.

आणि माझ्या चाचण्या? माझ्या सगळ्या चाचण्यांमध्ये एक की दाबली, सोडली, मग दुसरी दाबली, सोडली, असंच लिहिलेलं होतं. मी स्वतः जशी एका बोटाने टाइप करायचे तशा मी त्या लिहिलेल्या. म्हणून त्या नेहमी पास व्हायच्या.

मी डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. घरी बाबा नव्हते. मी कॉम्प्युटर लावला आणि त्या फाइली उघडल्या, बाबांच्या बोटांच्या, ज्या मी कधी बघितल्या नव्हत्या. त्या रविवारची फाइल काढली. ‘वनिंती’ आलं ती ओळ. वेलांटी दाबली, व दाबला, वेलांटी सोडली, व सोडला. वेलांटी आधी होती. दोघांमध्ये एवढासा वेळ होता, पण आधी होती. मग मी मागे येऊन उभी राहायच्या आधी त्यांनी जे टाइप केलेलं, ते वर वर बघत गेले. सगळ्या ओळी तशाच होत्या. त्या संध्याकाळी बाबांचं बोट एकदाही चुकलं नव्हतं. हे सगळं माझ्या घरात, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये सहा-सात महिने लिहिलेलं पडून होतं. मी उघडून बघायचं होतं, एवढंच.

बाबा आले. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले. मी त्यांना म्हटलं, जरा बसा. मग सगळं सांगितलं. पडद्यावर फाइल दाखवली, कुठली ओळ कसली ते बोट ठेवून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मधे एकदा विचारलं, हा आकडा म्हणजे सेकंद का? मी म्हटलं, सेकंदाचा हजारावा भाग.

“म्हणजे बोट चुकत नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं. माझंच चुकलेलं. बाबा, मी तुम्हाला उगाच बोलले.”

त्यांनी चष्मा काढला. 

“तुझ्या बोलण्याचं काही नाही,” ते म्हणाले. “कामात होतीस. पण मला ते खरं वाटलं, याचं वाईट वाटतं. एवढी वर्षं या हातांनी काम केलं, आणि मी त्यांच्या बाजूने एकदाही बोललो नाही.”

मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला सांगितलं, चहा टाक.

आईला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की प्रोग्रॅममध्ये चूक होती. कुठून आली ते सांगितलं नाही. तिने ते दाबून धरलेलं बोट मनाला लावून घेतलं असतं.

दुरुस्तीला फार काही लागलं नाही. वेलांटी दाबल्यावरच मोजायची, आणि दाबून धरल्यामुळे परत परत येणारी तेवढी सोडून द्यायची. हे मला पहिल्याच वेळी सुचायला हवं होतं. पण चाचणी लिहायची राहिली होती, वेगात टाइप करणाऱ्या माणसाची. त्यासाठी आधी जुन्या प्रोग्रॅमवर ती चूक पुन्हा घडवून बघावी लागते, नाहीतर आपण काय दुरुस्त केलं ते कळत नाही. मी बाबांना म्हटलं, बसा, तुमच्या वेगाने करा.

ते बसले. मला वाटतं, त्यांना आनंद झालेला. नॅपकीन बाजूला ठेवला, बोटं चोळली, आणि खिडकीकडे बघत सुरुवात केली. विनंती. मिळकत. निर्विवाद. मी पडद्याकडे बघत होते. एक पान झालं. वेलांटी कुठेच सरकली नाही. मी म्हटलं, अजून वेगात. त्यांनी प्रयत्न केला. मधे एकदा थांबून कीबोर्डकडे बघितलं, परत वर बघितलं. दुसरं पानही स्वच्छ आलं. मी फाइल उघडली. एक की दाबली, सोडली. दुसरी दाबली, सोडली. माझ्यासारखीच.

मी त्यांना काय दिसलं ते सांगितलं नाही. पण पानं स्वच्छ आली म्हणजे काय, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं. म्हणाले, राहू दे, जुनं लिहिलेलं आहे ना तुझ्याकडे, ते घे.

मी तेच घेतलं. त्या रविवारच्या फाइलमधल्या चाळीस ओळी, जशा होत्या तशा, दाबण्या-सोडण्याच्या वेळांसकट, मी चाचण्यांमध्ये घातल्या. जुन्या प्रोग्रॅमवर त्या नापास झाल्या, नवीनवर पास. प्राध्यापकांना पाठवताना मी सगळं लिहिलं नाही. वेगाने टाइप करताना येणारी चूक दुरुस्त केली, घरातल्या एका टायपिस्टने ती आधीच सांगितलेली, मी दुर्लक्ष केलं, एवढं लिहिलं. नागपूरच्या बाईंना वेगळी ई-मेल केली. त्यांचं उत्तर आलं, आता ठीक आहे, धन्यवाद.

बाबांना मी म्हटलं, कोर्टात परत जा. नवीन मशीन बघू. ते हो म्हणाले, आणि जूनमध्ये एकदा सकाळी साडेनऊला खरंच निघाले. आईने डबा दिला. दोन वाजेपर्यंत परत आले. शेडखाली त्यांच्या जागी आता झेरॉक्सवाला बसत होता. ज्याला मशीन दिलेलं तो माणूस भेटला, त्याने उठून त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, मशीन उत्तम चालतंय म्हणाला. बाबांनी मशीनकडे बघितलं, पण हात लावला नाही असं सांगितलं. मोहन्याच्या त्या बाईचं काय झालं ते त्यांनी तिथे विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. ती परत तिकडे आली नव्हती.

“भेटून बरं वाटलं सगळ्यांना,” एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि घरीच जेवायला बसले.